वंदना शिकून राह्यली होती

बसा, बसा. मागं उभे आहेत त्यायनंही बसून घ्या, सतरंजीवर जागा आहे. नसरीन, तू भिंतीशी कायले उभी राह्यली, इकडं समोर ये.

मंडळी, सोयाबीन सोंगायचे, कापणीचे दिवस आहेत. वावरात मजूर सोडून, दुकानाचं शटर पाडून, घरची कामं टाकून तुमी सारे आले. माह्या सुनेसाठी आले. हे पाहून मले बरं वाटून राह्यलं. म्या दिग्रसच्या अंगणवाडीत आयुष्य काढलं. पोट्ट्यायसमोर बोलली, त्यायच्या मायांसमोर बोलली, मोठ्या साहेबायसमोरही बोलली, कधी जीभ अडकली नाही. आज अडकून राह्यली. सून जावी अन् सासूनं उभं राहून तिच्याबद्दल बोलावं, हा कुठला न्याय आहे बाप्पा? तिनं माह्याबद्दल बोलायचं होतं. अन् ती चांगलंच बोलली असती, कारण वंदनाले कोणाबद्दल वाईट बोलताच ये नाही.

सकाळी गजू मले म्हणे, आई, तू नको बोलू, तुले झेपणार नाही. गजू माहा पोरगा, वंदनाचा नवरा, हा पहिल्या रांगेत बसला आहे. म्या त्याले म्हटलं, मी बोलतो. एक गोठ तेरा दिवसांपासून माह्या पोटात आहे. ती आज चार लोकायसमोर नाही निघाली तं घरात कधीच निघणार नाही. ती मी सांगणारच आहे. पण पहिले वंदनाबद्दल बोलू द्या. तिच्याबद्दल मनभर बोलायचे दिवस आता थोडेच राह्यले, मंग लोकं आपापल्या कामाले लागतात, मीही लागीन.

वंदना पुसदची. लग्न होऊन आमच्या घरी आली तवा तिनं केक कधी केला नव्हता. माह्यासारख्या बाईनं तं खाल्लाही नव्हता. तिची सुरुवात झाली एका कान्यापासून. हाव, कान्यापासून. आर्याचा, माह्या नातीचा, तिसरा वाढदिवस होता. गजूनं बाजारातून केक आणला. डबा उघडला तं वर लिहिलेलं, ‘आर्य’. काना राह्यला होता. पोरीचा पोरगा करून टाकला. पाहुणे हसून राह्यले, गजू म्हणे चालते, कापायचाच तं आहे. वंदना म्हणे, नाही चालत, माह्या पोरीचं नाव आहे ते. तिनं दुधाची रिकामी पिशवी धुतली, कात्रीनं तिचा कोपरा कापला, केकच्या बुडाशी जास्तीचं क्रीम होतं ते खरवडून पिशवीत भरलं अन् काना काढला. सरळ, नीट काना. क्रीम थोडं उरलं, तं काठानं पाच-सहा फुलं काढली. फुलं कायची, भजे दिसत होते. पण तवा तिचं तोंड जे फुललं होतं, मंडळी, तसं लग्नातही फुललं नव्हतं. म्या स्वतः पाह्यलं.

मंग घरात उच्छाद सुरू झाला. उच्छादच म्हणतो मी. कुकरच्या बुडाशी मीठ टाकून त्याच्यात केक भाजायचा. केक सजवायले फिरता पाट लागते, तो आमच्याकडं नव्हता. तं तिनं माहा पोळपाट घेतला, खाली वाटी पालथी घातली अन् त्याच्यावर केक ठेवून गरगर फिरवे. म्या लय बोलली तिले. माह्या पोळपाटाले हात लावायचा नाही म्हटलं. ती म्हणे, धुऊन देतो आई. अन् रोज धुऊन दे. तरी पोळीले व्हॅनिलाचा वास ये. गजूचे बाबा तवा होते. ते ताटावर बसले की विचारत, आज पोळी कोणाच्या वाढदिवसाची आहे? वंदना पदर तोंडाले लावून हसे. मी मात्र हसत नव्हती. मले वाटे, हे भूत चार महिन्यांत उतरते.

नाही उतरलं. तुमच्यातल्या कितीक जणायच्या घरी तिचा केक आला आहे. ट्रॅक्टर घेतला तं ट्रॅक्टरचा केक. पोरगी बारावी पास झाली तं पुस्तकाचा केक. हात वर करा म्हटलं तं अर्धी सभा हात वर करन. पण मी तुमाले तिचा चुकलेला केक सांगतो, कारण वंदना त्या दिवशी खरी घडली.

मे महिना होता. साखरपुड्याचा केक होता, तीन मजली. आपल्याकडचं ऊन तं तुमाले माहीतच आहे. ऑटोले चारी बाजूनं ओल्या चादरी बांधल्या, मधात केक अन् केकले धरून वंदना. कार्यालयाच्या दारात ऑटो थांबला अन् वरचा मजला खाली बसला. सगळ्यायच्या समोर. पोरीच्या बापानं काही म्हटलं नाही, भला माणूस, पण बाया बोलल्याच. घरी आली अन् न्हाणीत जाऊन रडली. म्या दाराबाहेरून समजावलं, अवो, उन्हानं वितळला, त्याच्यात तुहा काय दोष. तवा आतून आवाज आला, “उन्हाचा दोष नाही आई. मले येत नाही.”

सांगा बरं, असं किती जण म्हणतात? आपण सारे उन्हाले दोष देतो, नशिबाले देतो, शेजाऱ्याले देतो. तिनं तोंड धुतलं अन् दुसऱ्या दिवशी गजूले म्हणे, उन्हात क्रीम कसं टिकवायचं ते नागपुरात शिकवतात, दोन दिवसांचा क्लास आहे, मले जायचं आहे.

मी आडवी आली. कबूल करतो. दोन दिवस सैपाक कोण करन, पोरीले कोण पाहीन, एकटी बाई नागपुरात कुठं उतरन. शेवटी म्या म्हटलं, जायचंच असन तं मी सोबत येतो. मले वाटलं, सासू सोबत म्हटल्यावर ही माघार घेईन. ती तं हरखली. दोघी यस्टीनं गेलो. दोन दिवस मी त्या क्लासच्या बाहेर स्टुलावर बसून होती, दारावर राखण बसवल्यावाणी. काचेतून पाहे. अन् काय सांगू तुमाले, घरात मान खाली घालून वावरणारी माही सून तिथं प्रश्नावर प्रश्न विचारून राह्यलती. शिकवणारी मॅडम दमली, ही दमली नाही. वापस येताना बसमध्ये ती माह्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. म्या तवाच मनात म्हटलं, आता हिले अडवायचं नाही.

मंग ती एकटी जाऊ लागली. यवतमाळ, नागपूर, अकोला. अन् मंग पुण्याले. पुण्याची गोठ सांगतो, थोडं हसले तरी चालन, तिलेही ही गोठ सांगताना हसू आवरे नाही.

साखरेची फुलं करायचा क्लास होता. साखरेचा लगदा लाटून एकेक पाकळी करायची, हुबेहूब फूल. पुण्याच्या मॅडमनं फोनवर विचारलं, फुलांचं आधी काही शिकलात का? वंदनानं सांगितलं, “हो मॅडम, शिकून राह्यली.” आता आपल्याले समजते, शिकून राह्यली म्हणजे शिकणं चालू आहे, अजून येत नाही. पुण्याच्या मॅडमले वाटलं, बाई शिकून सवरून बसली आहे. तिनं हिले मोठ्या बॅचमध्ये टाकलं. तिथं सारे दुकानवाले, हॉटेलवाले, अन् ही एकटी दिग्रसची, जिनं साखरेची पाकळी आयुष्यात हातात धरली नव्हती. दुपारपर्यंत हिच्या पाकळ्या सगळ्या फाटल्या. मॅडम म्हणे, अहो, तुम्ही तर शिकून आलात ना? ही म्हणे, नाही मॅडम, मी शिकून राह्यली. दोनदा तेच, तीनदा तेच. मंग मॅडमच्या डोक्यात उजेड पडला अन् तिनं कपाळाले हात लावला. लहान बॅचमध्ये जा म्हणे. वंदना म्हणे, आता बसलीच आहे तं बसू द्या. पाच दिवस ती त्या वर्गात सगळ्यात ढ होती. पाचव्या दिवशी तिचं एक फूल उभं राह्यलं. एकच. ते तिनं डब्यात कापूस भरून घरी आणलं अन् देवाजवळ ठेवलं. मुंग्या लागल्या तरी मले उचलू दे नाही.

तवापासून मले कोणी विचारलं, तुमची सून काय करते, तं मी म्हणे, शिकून राह्यली. तिलेही ते आवडे. वीस बाया तिच्याजवळ येऊन शिकून गेल्या, पण ही स्वतःले मास्तरीण म्हणवून घे नाही. त्या बायायमध्ये पहिली ही नसरीन. आमच्या शेजारची. सलीमभाईचं गाड्यायचं गॅरेज आहे ना, त्यायची घरवाली. चार वर्षं दोघी एका ओट्यावर काम करून राह्यल्या होत्या. कोणाचा हात कोणता ते समजे नाही.

आता हैदराबाद. हा शेवटचा प्रवास. सात दिवसांचा क्लास होता. सहाव्या दिवशी तिचा फोन आला, आवाजातूनच समजलं की आज काही जमलं आहे. मॅडमनं सांगितलं होतं, आपल्या मनानं एक फूल करा. साऱ्यायनं गुलाब केले, कमळं केली. हिनं पऱ्हाटीचं फूल केलं. कपाशीचं. एकाच फांदीवर एक पिवळं अन् एक गुलाबी. तिथल्या बाया म्हणे, दोन झाडांची फुलं एका फांदीवर काहून लावली? हिनं तिच्या हिंदीत समजावलं, झाड एकच आहे, आज उमललेलं पिवळं असते, कालचं गुलाबी होते. त्यायनं कधी पाह्यलंच नव्हतं. मॅडमनं ते फूल सगळ्या वर्गाले फिरवून दाखवलं. मले फोनवर म्हणे, आई, आपल्या वावरातलं फूल दाखवून राह्यली मी यायले. ते फूल काही घरी आलं नाही. नसरीनच्या मोबाइलमध्ये फोटो आहे, ज्यायले पाहायचा त्यायनं नंतर पाहा.

दोन दिवसांनी वंदना गेली. काळीपिवळी जीपमध्ये बसून येत होती, उमरखेडच्या अलीकडं समोरून ट्रक आला. हे तुमाले साऱ्यायले माहीत आहे.

अन् तेरा दिवस झाले, माह्या दारात जो येते तो एकच बोलते. हळू बोलते, पण मले ऐकू येते. बाई घरात बसली असती तं वाचली असती. केकासाठी कोणी हैदराबादले जाते का. सासूनं लय मोकळीक देली. तुमाले वाईट वाटू द्यायचं नाही मले, तुमी प्रेमानंच बोलले असान. जीव गेला की माणूस कारण शोधते. पण ते बोलणं घरात शिरलं. गजूनं तिचे नोझल, तिचे साचे, तिचा फिरता पाट, सारं पोत्यात बांधून माळ्यावर टाकलं. अन् तो सलीमभाईच्या गॅरेजवर जाऊन म्हणे, भाऊ, माही बायको गेली, तू तुही पाठवू नको.

पुढच्या महिन्यात नसरीन अन् वंदना दोघी पुण्याले शिकायले जाणार होत्या. नसरीन कधी यवतमाळच्या पलीकडं एकटी गेली नाही. वंदनानं वर्षभर सलीमभाईले मनवलं होतं. सलीमभाई म्हणाले होते, भाभी सोबत आहे तं जाऊ दे. आता भाभी नाही, अन् गजूनं असं सांगितलं. परवा नसरीन माह्याकडं आली, म्हणे, “काकू, अब रहने दो. आता मी नाही जात. शिकायचं नावच नको.” अन् माह्या मांडीवर डोकं ठेवून रडली. म्या तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण तोंडातून शब्द काढला नाही. तवा शब्द काढायचा होता. मी भ्याली.

कायले भ्याली ते आता सांगतो. गजू, तू ऐक. तुलेही हे आजच समजून राह्यलं. घरात सांगायची हिंमत नाही झाली, म्हणून इथं सांगतो.

त्या दिवशी वंदना सकाळी रेल्वेनं नांदेडले उतरली. बसस्टँडवरून तिनं मले फोन केला. म्हणे, “आई, पुसदची बस बाराले आहे. अजून एक घंटा आहे. चार वाजेपर्यंत घरी पोचतो.” माह्या घरी त्या दिवशी माही नणंद आलती, फुलसावंगीची, लेक-सुनेले घेऊन. पुरणाचा सैपाक होता अन् मी एकटी चुलीशी. मले लाज वाटली. पाहुणे आले अन् घरची सून घरात नाही. इतकी वर्षं साऱ्या गावाले मोठ्या मानानं सांगितलं, माही सून शिकून राह्यली, अन् पाहुणे दारात आल्याबरोबर माह्यातली जुनी सासू जागी झाली. म्या म्हटलं, “चार कायले? पाहुणे तीनले निघून राह्यले. बसची वाट पाहू नको. भेटन त्या गाडीनं ये, पण लवकर ये.”

ती म्हणे, “बरं आई.”

एवढंच. भांडली नाही. थकली आहे म्हटलं नाही. काळीपिवळी उभी होती, गच्च भरलेली, तिच्यात कशीबशी मागं बसली. म्या नंतर पुसदच्या स्टँडवर चौकशी केली, मंडळी. ती बाराची बस बरोबर पोचली. त्या बसमधली सारी माणसं आपापल्या घरी गेली.

नणंदेचा काही दोष नाही. तिनं तं आल्याबरोबर कौतुकानं विचारलं होतं, वंदना दिसत नाही, आता काय नवीन शिकायले गेली? सून चुलीशीच दिसली पाहिजे, असं तिचं काही नव्हतं. मलेच दाखवायची होती.

तं सांगा, तिले कोणी मारलं? शिकण्यानं मारलं? हैदराबादनं मारलं? सात दिवस परक्या गावात राह्यली, केस वाकडा झाला नाही. शिकून ती सुखरूप नांदेडपर्यंत आली. तिथून पुढं तिले माह्या फोननं ओढलं. लोकं म्हणाले बस चुकली असन, मी म्हणाली हाव. लोकं म्हणाले घरात बसली असती तं, म्या मान हलवली. कारण तिच्या शिकण्यावर दोष गेला की माह्यावर येत नव्हता. मेलेल्या सुनेच्या आड लपून बसली मी तेरा दिवस. आता नाही लपत.

गजू, मान वर कर बाबू. मी माफी मागत नाही, माफी मागायची माही लायकी नाही. तू माह्याशी बोल, बोलू नको, तुही मर्जी. वर्षभर नाही बोलला तरी मी तुह्या पोळ्या टाकीन. पण ते पोतं माळ्यावरून खाली काढ. तिनं काही वाईट केलं नव्हतं, तिच्या सामानाले कायले शिक्षा?

अन् सलीमभाई, तुमी मागं बसले आहात, मले दिसून राह्यले. तुमाले गजूनं जे सांगितलं ते दुःखात सांगितलं, अन् खरं माहीत नसताना सांगितलं. खरं तुमी आता ऐकलं. नसरीनले जाऊ द्या. सोबत पाहिजे तं मी जातो तिच्यासंग पुण्याले. म्हातारी आहे, गुडघे दुखतात, पण जातो. माही एकच विनंती आहे. ती तिथं असताना कोणी तिले फोन करून लवकर ये म्हणू नका. घरी पाहुणे येवो, कोणी येवो. भाजी करपली तं करपू द्या.

बस, झालं माहं बोलणं. लय बोलली. वंदना, माय, तुले हात जोडतो. सासूनं सुनेच्या पाया पडू नये म्हणतात, मी पडतो.

आता सारे उभे राहा. तिच्यासाठी दोन मिनिटं शांत राहू. कोणी घड्याळ पाहू नका, कोणी मधातच बसू नका. पुरे दोन मिनिटं होऊ द्या. म्या तिले एक घंटा देला नाही, आज तरी तिले कोणी घाई करू नका.